डार्विनच्या अभ्यासिकेतला आडोसा

इंग्लंडमध्ये, लंडनपासून सुमारे १६ मैलांवर, त्या काळी केंट परगण्यात मोडणारे डाउन नावाचे खेडे आहे. १८४२ च्या सप्टेंबरात चार्ल्स डार्विन तिथल्या एका ऐसपैस घरात राहायला गेला आणि १९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याच घरात वारला. ज्या अभ्यासिकेत ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहिले गेले ती आज संग्रहालयाचा भाग आहे. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून तो लिहीत असे. पुस्तके, बाटल्या, नमुन्यांच्या पेट्या, शेगडी, असे थोरांच्या अभ्यासिकेत जे अपेक्षित असते ते सारे तिथे आहे. मात्र खोलीच्या एका कोपऱ्यात आडोसा केलेला आहे आणि त्यामागे तस्त, पाण्याची भांडी, शौचपात्र अशी व्यवस्था आहे. लिहिता लिहिता पोटात ढवळून आले तर चार पावलांवर जाता यावे, एवढाच त्या आडोशाचा हेतू.

डार्विनविषयी लिहिणारे बहुधा खुर्चीपाशी थांबतात. त्यात त्यांचा दोष नाही. दुखण्यांमध्येही एक वर्णव्यवस्था असते आणि वाङ्मयाने ती इमानाने पाळलेली आहे. क्षयाला काव्यात मानाचे स्थान मिळाले, हृदयविकाराला नाटकात. पोटाच्या वाट्याला प्रहसन आले. क्षयाने खंगत जाणारी नायिका वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणते. सभा सुरू होण्यापूर्वी तीनदा शौचाला जाऊन आलेल्या नायकाचे दुःख गांभीर्याने घ्यायला फारसे कोणी तयार नसते. म्हणून ज्यांना हे दुखणे असते ते ते लपवतात, आणि लपवण्याच्या धास्तीने ते आणखी वाढते. वय वाढले की त्यात भर पडते: ताबा कमी होतो, प्रवास अवघड होतो, आणि ‘म्हाताऱ्याचे पोट’ हा घरात चेष्टेचा किंवा वैतागाचा विषय होतो.

मराठी भाषा मात्र या बाबतीत आपल्या वाङ्मयापेक्षा शहाणी आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘पोट’ या शब्दाखाली वाक्प्रयोगांची लांबलचक रांग लागलेली दिसते. आपल्या पोटात भीतीने गोळा येतो, मायेने कालवाकालव होते, दुसऱ्याचे बरे झाले की शूळ उठतो. अपराध आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, आणि मनापासून बोललो तर ते पोटतिडकीने बोललो असे म्हणतो. हृदय हा शब्द आपण कवितेसाठी राखून ठेवला; रोजचा भावव्यवहार पोटातूनच चालू राहिला. यांतला ‘पोटात खड्डा पडणे’ हा प्रयोग वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुढे परत यायचे आहे.

वैद्यकातही ही जाण जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या १९ व्या अध्यायात अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. तीन एकेका दोषाचे, एक तिन्ही दोषांचा, आणि उरलेले दोन भयज आणि शोकज. भीतीमुळे आणि शोकामुळे होणारे हे दोन अतिसार चरक अन्नातून होणाऱ्या अतिसाराच्याच पंगतीला बसवतो. त्यांना खोटे किंवा ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही. त्यांवरचा उपायही तो दुहेरी सांगतो. एकीकडे वाताचे शमन, दुसरीकडे हर्षण आणि आश्वासन. रोग्याला आनंद देणे आणि धीर देणे ही तिथे सांत्वनाची जोड म्हणून येत नाही, चिकित्सेचा भाग म्हणून येते. त्यात वाताचे मुख्य स्थान पक्वाशय, आणि वाग्भटाच्या म्हणण्याप्रमाणे वयाच्या अखेरच्या भागात वाताचे प्राबल्य. म्हणजे आतडे, भीती आणि उतारवय हे त्रिकूट या विचारात आधीच एकत्र आलेले आहे. (यावरून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा जयघोष करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. आतड्याची हालचाल कशी होते हे चरकाला पाहता येणे शक्य नव्हते. त्याने नीट पाहिला तो रोगी.)

युरोप-अमेरिकेत हे दुखणे नावांच्या शोधात दीर्घकाळ फिरले. १८३३ मध्ये विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी डॉक्टरने एक पुस्तक प्रसिद्ध केले. बंदुकीच्या गोळीने पोटाला कायमचे भोक पडलेल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या माणसाच्या जठरात त्याने वर्षानुवर्षे डोकावून पाहिले होते, आणि माणूस संतापला की जठराचे अस्तर आणि पाचन बदलते असे नोंदवले होते. शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅननने नव्या क्ष-किरणांखाली मांजरींचे पोट पाहिले. मांजर बिथरली की पोटाची हालचाल थांबे, शांत झाली की पुन्हा सुरू होई. सगळ्यांत विलक्षण प्रयोग १९४० च्या दशकातला, न्यूयॉर्कमधला. थॉमस आल्मी आणि त्याचे सहकारी एका वैद्यकीय विद्यार्थ्याचे मोठे आतडे दुर्बिणीतून तपासत होते. तपासता तपासता त्यांनी कर्करोग सापडल्याचे नाटक केले. विद्यार्थ्याचे आतडे डोळ्यांदेखत आकसले. मग हे सोंग होते असे सांगून त्याची समजूत घातली, तेव्हा ते सैल पडले. असल्या प्रयोगाला आज कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण भय आणि आश्वासन या दोन्हींचा आतड्यावरचा परिणाम एकाच बैठकीत दिसला तो तिथे. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रूलव्ह यांनी १३० रुग्णांचा अभ्यास मांडला. पुढे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ हे नाव रुळले, आणि २०१६ च्या रोम निकषांनी अशा सगळ्या दुखण्यांना आतडे व मेंदू यांच्या परस्परव्यवहाराचे विकार म्हटले. इतका वळसा घालून वैद्यक भयज अतिसाराच्या शेजारी येऊन बसले.

या इतिहासात डार्विन कुठे बसतो? त्याचे दुखणे आयबीएस होते असे मी म्हणणार नाही. त्याचा मुख्य त्रास पोटातल्या वायूचा आणि वांत्यांचा होता, आणि मेलेल्या माणसाला निदान चिकटवणे हा चरित्रलेखनातला स्वस्त खेळ आहे. तो खेळ रंगला मात्र भरपूर. १९५९ मध्ये सॉल ॲडलरने दक्षिण अमेरिकेतल्या किड्यापासून होणारा चागास रोग सुचवला. मनोविश्लेषकांनी बापाविषयीचा दडपलेला राग शोधून काढला. कोणी आर्सेनिकची विषबाधा म्हटले, कोणी दूध न पचण्याचा विकार, कोणी क्रोनचा रोग. १९९७ मध्ये भयविकाराचे निदान पुढे आले. प्रत्येक निदानात डार्विनपेक्षा निदान करणाऱ्याच्या पिढीचे चित्र अधिक स्पष्ट दिसते. (जिवंत माणसाची गोष्ट वेगळी. पन्नाशीनंतर शौचाची सवय प्रथमच बदलली, रक्त पडू लागले, वजन उतरले, तर ‘काळजीने होते’ म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे. तिथे आधी तपासणीच हवी.)

त्याच्या भयाचा आणि शरीराचा संबंध तारुण्यापासून दिसतो. १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाज निघण्याची वाट पाहत असताना त्याला छातीत धडधड आणि वेदना जाणवू लागल्या. आपल्याला हृदयविकार आहे अशी त्याची खात्री झाली, पण डॉक्टर प्रवासाला मनाई करतील या भीतीने त्याने कोणाला दाखवलेच नाही. पुढे त्याचे पोट बिघडले आणि कधीही पुरते सुधारले नाही. १८४८ च्या नोव्हेंबरात वडील वारले तेव्हा तो अंत्यविधीला वेळेवर पोचू शकला नाही. १८४९ मध्ये त्याने माल्व्हर्नला डॉक्टर गलीच्या जलचिकित्सालयात कित्येक आठवडे काढले: पहाटे थंड पाण्याने अंग घासणे, ओल्या चादरी, पथ्य. घरी परतल्यावर बागेत एक न्हाणीघर उभारले आणि पार्स्लो नावाचा बटलर तिथे त्याच्या अंगावर गार पाणी सोडू लागला. त्याच वर्षी त्याने प्रकृतीची रोजनिशी सुरू केली. १८५५ पर्यंत ती चालली. दिवस वेगळा, रात्र वेगळी. वायू किती, झोप कशी. चांगल्या दिवसांपुढे दुहेरी रेघ. शंखशिंपले आणि बार्नेकल्स मोजणारा माणूस स्वतःचे पोट मोजत होता. १८५१ च्या एप्रिलमध्ये त्याच माल्व्हर्नला त्याची १० वर्षांची मुलगी ॲनी पोटाच्याच तक्रारींनी झुरून गेली. रोजनिशीच्या कोरड्या खुणांमागे काय चालले असेल ते त्यानंतर विचारायला नको.

१८५९ मध्ये त्याचे मुख्य पुस्तक बाहेर पडले तेव्हा तो यॉर्कशरमध्ये इल्कलीच्या जलचिकित्सालयात होता. १८६० मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या सिद्धांतावर तो गाजलेला वाद झाला तेव्हा तो रिचमंडजवळ दुसऱ्या जलचिकित्सालयात होता. १८६५ मध्ये त्याने डॉक्टर जॉन चॅपमनला आपल्या लक्षणांची एक यादी लिहून पाठवली. त्यात २५ वर्षांचा वायू, वांत्या, थरकाप, कानांतला आवाज, आवर न घालता येणारे रडणे आणि पत्नी दृष्टीआड झाली की वाटणारी अस्वस्थता, अशा गोष्टी एकापुढे एक, जशाच्या तशा मांडलेल्या आहेत. ५६ वर्षांच्या जगद्विख्यात माणसाने रडण्याचा असा उल्लेख करावा, याला माझ्या मते त्याच्या कोणत्याही वैज्ञानिक प्रामाणिकपणापेक्षा कमी धैर्य लागले नसेल. हा चॅपमन म्हणजे ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’चा मालक, जॉर्ज एलियट ही कादंबरीकार होण्यापूर्वी त्याच्याकडे संपादनाचे काम करीत असे. त्याने डार्विनच्या पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवायला लावल्या. उपयोग झाला नाही.

इथपर्यंतची कहाणी उपायांच्या पाठलागाची आहे आणि ती अनेकांनी सांगितली आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते यापुढचे, साठीनंतरचे पर्व. पथ्ये आणि डॉक्टर पूर्ण सुटले नाहीत; अँड्र्यू क्लार्कने १८७३ मध्ये आणखी एक आहार बांधून दिला. पण पाठलागाचा वेग ओसरला आणि त्याची जागा दिनक्रमाने घेतली. मुलगा फ्रान्सिस याने तो तपशीलवार लिहून ठेवला आहे. न्याहारीपूर्वी थोडे चालणे. ८ ते ९॥ हा कामाचा सर्वांत चांगला वेळ. मग पत्रे, आणि कोचावर पडून कादंबरी ऐकणे. १०॥ पासून दुपारपर्यंत पुन्हा काम. मग ‘सँडवॉक’ या घराजवळच्या वाटेवर फेऱ्या. जेवण, वर्तमानपत्र, पत्रे. ३ वाजता विश्रांती आणि पुन्हा कादंबरी. ४ नंतर आणखी एक फेरी, तासभर काम, पुन्हा विश्रांती. रात्री जेवणानंतर पत्नी एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव, थोडे वाचन, एमाचे पियानोवादन, १०॥ ला झोप. पाहुण्यांशी गप्पा मोजक्याच, कारण गप्पा रंगल्या की रात्र बिघडे. आनंदही त्याला जपूनच घ्यावा लागे.

या दिवसाची लय पाहा. कामाचा एकही तुकडा दोन तासांच्या वर जात नाही आणि प्रत्येक तुकड्यानंतर हर्षणाची सोय आहे. ती सोय बहुतांशी कादंबरीची होती. १८७६ मध्ये, ६७ व्या वर्षी, मुलाबाळांसाठी लिहिलेल्या आत्मवृत्तात तो कबूल करतो की कादंबरीकारांना तो मनोमन दुवा देतो. शेवट दुःखाचा करणाऱ्यांविरुद्ध कायदा व्हावा असे त्याला वाटते. आणि एखादे तरी प्रेम करण्याजोगे पात्र हवे, ते सुंदर स्त्रीचे असेल तर उत्तमच. साहित्याचे अध्यापक हा परिच्छेद वर्गात सांगतात तो डार्विनच्या रसिकतेची कीव करण्यासाठी. त्याच जागी तो असेही सांगतो की कविता त्याला आता वाचवत नाही, आणि शेक्सपिअर हाती घेतला तर इतका कंटाळवाणा वाटला की मळमळू लागले. मळमळ हा शब्द अशा माणसाने अलंकारापुरता वापरला असेल असे मला वाटत नाही. ज्याचे पोट प्रत्येक आवेगाचा हिशेब मागते, त्याने ‘किंग लिअर’ टाळून सुखान्त कादंबरी धरली तर त्याला अरसिक म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा. मीही पूर्वी हा उतारा त्याच थट्टेच्या सुरात शिकवला आहे. पुढे मूल्यमापनाच्या बैठकींत दाराजवळची खुर्ची धरून बसण्याची आणि एसटीने जायचे असेल त्या सकाळी फक्त चहावर निघण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा तो उतारा मला निराळा वाटू लागला. त्याच्या मनातली हानीची जाणीवही तेव्हाच दिसली: पुन्हा जगायला मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचीन, संगीत ऐकेन, असे तो त्याच ठिकाणी म्हणतो.

आता तो खड्डा. फ्रान्सिस सांगतो की प्रवासाला निघण्यापूर्वी वडिलांना आत काहीतरी खोल खचत जात असल्यासारखे वाटे. आपण त्यालाच पोटात खड्डा पडणे म्हणतो. एमा हवापालटाचे बेत करी, तो टाळाटाळ करी, तारीख जवळ आली की कष्टी होई. आणि मग गाडी सुटली की बहुतेक सगळे ठीक! १८७९ मध्ये, ७० व्या वर्षी, तो उत्तरेला कोनिस्टनपर्यंत जाऊन आला. त्याच्या प्रकृतीच्या मानाने एवढ्या लांबच्या प्रवासाने त्याला आश्चर्य वाटावे इतका कमी थकवा आला. म्हणजे प्रवास आतड्याला तितका पेलवत नव्हता असे नाही, प्रवासाची वाट पाहणे पेलवत नव्हते. १८७७ च्या नोव्हेंबरात केंब्रिजने मानद पदवी दिली तेव्हाही तो गेला. विद्यार्थ्यांनी सज्जांमधून दोरीला माकड टांगून त्याची थट्टा केली. ज्या गर्दीच्या नुसत्या कल्पनेने एके काळी त्याच्या अंगाला थरकाप सुटे, त्या गर्दीत तो उभा राहिला आणि घरी परतला. आजचे चिकित्सक चिंता आणि आतडे यांच्यासाठी जे मानसोपचार सुचवतात त्यांचा मोठा भाग वाट पाहण्याच्या या भयाशीच झुंजतो.

पण हा दिनक्रम कोणाच्या जिवावर चालला? डार्विनला नोकरी नव्हती, वडिलोपार्जित पैसा होता, हजेरीपटावर सही करायची नव्हती. पाणी सोडायला पार्स्लो होता. आणि एमा होती. तिने दहा मुलांना जन्म दिला, त्यांतली तीन लहानपणी गमावली, आणि नवऱ्याच्या पोटाची घड्याळे सांभाळत आयुष्य काढले. कादंबरी वाचून दाखवणारा आवाज बहुतेक वेळा तिचा. ती वयाने त्याच्याहून काही महिन्यांनी मोठीच होती. तिच्या उतारवयाचे काय, हा प्रश्न डार्विनच्या आजारावरच्या साहित्यात क्वचितच विचारला जातो. चरकाने आश्वासन हा उपाय सांगितला खरा, पण आश्वासन रोज सकाळ-संध्याकाळ देणारी व्यक्ती त्याच्या सूत्रात दिसत नाही. आपल्याकडेही सासऱ्याचे मऊ भात-ताक वेगळे काढून ठेवणाऱ्या सुनेची नोंद कोणत्या वैद्याच्या वहीत झाली आहे?

आत्मवृत्तात डार्विन म्हणतो की आजारपणाने त्याची कित्येक वर्षे नष्ट केली, पण समाजाच्या आणि करमणुकीच्या विक्षेपांपासून त्याला वाचवलेही. हे वाक्य मी पूर्वी समाधानाचे मानत असे. आता त्याच्या अखेरच्या पुस्तकांशेजारी ठेवून वाचतो तेव्हा त्यात काहीतरी अधिक दिसते. १८७२ च्या भावाभिव्यक्तीवरच्या ग्रंथात हृदय आणि मेंदू एका मज्जातंतूच्या द्वारे एकमेकांवर कसा परिणाम करतात ते तो सांगतो. तोच मज्जातंतू जठरापर्यंत जातो. तिथे मात्र तो हृदयावरच थांबतो. पराकोटीच्या भयात आतड्यांवरचा ताबा सुटतो, हेही एका ओळीत नोंदवतो आणि पुढे सरकतो. जणू पुन्हा आडोसा ओढला. पण १८७५ मध्ये कीटकभक्षक वनस्पतींवर पुस्तक येते. ड्रॉसेराच्या पानांना दूध, अंडे, मांस देऊन ती काय पचवतात, जास्त खाऊ घातल्यावर त्यांना कशी इजा होते, त्यांचा रस प्राण्यांच्या जठररसाशी कसा जुळतो, याची शेकडो निरीक्षणे त्यात आहेत. आणि १८८१ च्या ऑक्टोबरात, मृत्यूच्या सहा महिने आधी, गांडुळांवरचे पुस्तक: इंग्लंडची सुपीक माती पुनःपुन्हा गांडुळांच्या आतड्यांतून गेलेली आहे, असा त्याचा गाभा. आयुष्यभर स्वतःच्या पचनाने गांजलेला माणूस अखेरच्या दशकात दुसऱ्यांचे पचन पाहत बसला. यातून मनोविश्लेषण काढायचे ज्यांना असेल त्यांनी काढावे.

गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी डार्विनने घरात मातीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. त्यांच्याजवळ पियानो वाजवला, फ्रान्सिसने बासून फुंकला, माणसे ओरडली, गांडुळे ढिम्म. मग कुंड्या उचलून पियानोवरच ठेवल्या. खर्जातला एक सूर दाबताच त्यांतली गांडुळे झपकन बिळात शिरली. आवाज त्यांना कळत नव्हता, कंप कळत होता. ही नोंद करून झाल्यावर, ठरलेल्या वेळी, बॅकगॅमनचा पट मांडला जात असे. अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र आसा ग्रे याला १८७६ च्या जानेवारीत त्याने आजवरचा हिशेब कळवला होता: एमाने जिंकलेले डाव २४९०, आणि त्याने स्वतः २७९५.